पहिल्यांदा ऐकणारी माणसं

"आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी," कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि काचेच्या खोलीचं जाड दार लावून घेतलं.

तो हेडफोन चढवून बसला. पहिले काही आवाज स्वच्छ आले. मग ते बारीक होत गेले, मग नुसती चाहूल उरली, मग तीही नाही. पण एव्हाना त्याला बाईंच्या हाताची चाल कळली होती. आवाज, थोडी उसंत, पुन्हा आवाज. इतकी वर्षं ड्रम वाजवून एवढंही कळलं नसतं तर काठ्या चुलीत घातलेल्या बऱ्या. त्याच्या मनात ठोका चालू झाला आणि अंगठा आपसूक त्या ठोक्यावर पडत राहिला. आपण फसवतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

काचेपलीकडे बाईंनी यंत्रावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. त्याचा अंगठा पडला. पुन्हा पडला.

बाई दार उघडून आत आल्या.

"मी काहीच वाजवत नव्हते."

त्याने हातातल्या बटणाकडे पाहिलं. दोन्ही कान लाल झाले. तेवढं काम मात्र ते अजून चोख करत होते.

"काय करता तुम्ही?"

"ड्रम वाजवतो. बँडमध्ये."

"लग्नातल्या?"

"छे! आमची गाणी ऐकून ठरलेलं लग्न मोडेल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बँडचं नाव विचारलं, ते दोनदा सांगायला लावलं आणि नाही अशी मान हलवली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. बँडला ओळखणारी माणसं मूठभर, पण ती मूठ घट्ट. कुठल्याही शहरात कार्यक्रम असो, तीच तीन-चारशे पोरं पदरमोड करून येत. प्रत्येक शब्द पाठ. त्या मुठीबाहेर मात्र शुकशुकाट. खालच्या मजल्यावरचे आजोबा तर अजून त्याला सुतार समजत होते.

बाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून तोंडापुढे धरला. कागद जरासा थरथरला.

"काय म्हणाले मी?" कागद खाली घेत त्यांनी विचारलं.

त्याची नजर त्यांच्या ओठांवरच होती.

"म्हणजे तुम्ही ओठ वाचता. कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"आणि स्टेजवर? गाणं कुठवर आलं ते कसं कळतं?"

"पुढच्या रांगेवरून." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "गाणारी माझी धाकटी बहीण आहे. ती एखादी ओळ ओढते, एखादी मध्येच सोडते. तिचा शब्द संपला की मी यायचं असतं. पुढे उभी असलेली सगळी पोरं तिच्याबरोबर गातात, शब्दाला शब्द. त्यांच्या ओठांवर नजर ठेवून मी येतो. आजवर चुकलो नाही."

"मग आज का आलात?"

"रविवारी मोठ्या मैदानावर बोलावलंय. एका नामवंत गायकाच्या आधी अर्धा तास आमचा. वीस हजार माणसं. या एका दिवसासाठी आम्ही जिवाचं रान केलंय." त्याने तळवे गुडघ्यांवर पुसले. "पण त्या माणसांना आमचं एकही गाणं येत नाही, बाई. सगळी तोंडं मिटलेली असतील."

बाई त्याच्या समोर येऊन बसल्या, ओठ नीट दिसतील अशा.

"मी तर वाजवूच नका म्हणेन. आहे ते तरी टिकेल. बहिणीला सांगितलंय?"

"नाही."

कानात मळ झालाय एवढंच त्याने बहिणीला सांगितलं होतं. ती बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. तो दिसताच उठली.

"काय म्हणाल्या?"

"रविवारी ड्रमवर दुसऱ्या कुणाला तरी बसव, चिमे."

ती का म्हणून विचारेल, चिडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने वेगळंच विचारलं.

"दादा, गेल्या वर्षापासून शेवटचं कडवं मी तुझ्याकडे तोंड करून का गाते रे?"

"तुझी लकब आहे ती."

"सगळ्यांना तसंच वाटतं. आपली पोरं तर त्यावर जीव टाकतात." ती त्याच्या अगदी समोर आली. "वेड्या, तुझा ठोका मी लहानपणापासून ऐकतेय. तो कुणाच्या तोंडाकडे बघून पडतोय हे मला कळणार नाही?"

तो बाकावर टेकला.

"रविवारी सगळीच गाणी तुझ्याकडे वळून गाते. अख्खा अर्धा तास."

"वीस हजार माणसांना पाठ दाखवून?"

"दाखवीन. गेली उडत."

"आपली पोरं तुला पाठीवरूनही ओळखतात, चिमे. या लोकांनी तुला अजून पाहिलेलंच नाही. त्यांच्याकडे तोंड कर."

तिच्या हातातला फोन थरथरू लागला. आयोजकांचा होता. कोणकोण वाजवणार हे त्यांना आजच हवं होतं. ती फोनकडे बघेना. त्यानेच मान हलवून घे म्हणून खुणावलं.

ती फोन कानाला लावून व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी, बाहेर बघत उभी राहिली. तिचे खांदे हलले. ती बोलत होती, बराच वेळ बोलत होती. काय बोलत होती, ते त्याला कळायला मार्ग नव्हता.