कोरिनची पत

"हे कार्ड कुणाचं?" रिकनं विचारलं.

बटणांचा डबा त्यानं शिलाई मशीनवर उपडा केला होता. कोरिन हातातल्या पडद्याची दुमड शिवत राहिली. तिनं मान वर केली नाही.

"माझं," बर्नी म्हणाली. "चर्चच्या बिंगोत बक्षीस लागलं."

"किती पैसे आहेत यात?"

"मला काय ठाऊक. मला कुठं वापरता येतं ते!"

"मग तुला हवं कशाला?" रिक हसला, कार्ड खिशात टाकलं आणि जिना चढून वर गेला.

पावलांचा आवाज थांबला. मग कोरिननं पडदा तोंडाशी धरला आणि त्यात रडली. हिवाळाभर शिवलेलं सगळं त्या कार्डात होतं.

टोलीडोच्या त्या घरात रिक आणि कोरिन वर राहायचे, बर्नी तळघरातल्या खोलीत. दर महिन्याला रिक तिच्या पेन्शनमधून भाडं कापून घ्यायचा आणि वर ऐकवायचा, "एवढ्यात बाहेर कुठं खोली मिळते का बघ जरा." कोरिनचा इस्पितळाच्या लाँड्रीतला पगार थेट त्याच्याच खात्यात जमा व्हायचा. तिच्या नावावर खातं नव्हतं, विजेचं बिल नव्हतं, काहीच नव्हतं. कार्ड गेलं त्याच्या आदल्या वर्षी ती एकदा घर सोडून निघाली होती. पण खोली द्यायच्या आधी जो तो तिची पत, म्हणजे उधारी-फेडीची जुनी नोंद, तपासायचा. कोरिनची पत वाईट नव्हती. ती मुळी नव्हतीच. संध्याकाळी ती परत आली. ईस्टरपर्यंत तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी बर्नीनं तिला खाली बोलावलं.

"शिवता येतं?"

"नाही."

"मग शीक."

चर्चमधल्या बायका पडदे, झगे, नवऱ्यांच्या पँटी आणून टाकायच्या. ते सगळं धर्मादाय चाललंय, अशी रिकची समजूत होती. मिळालेले पैसे बर्नी कोरिनच्या हातात ठेवायची आणि कोरिन ते औषधांच्या दुकानातून आणलेल्या प्रीपेड कार्डात भरायची. त्यासाठी ना खातं लागायचं, ना पत.

ते कार्ड घेऊन ती मोठ्या आशेनं पतपेढीत गेली होती. तिथली योलांडा म्हणाली होती, "बाई, याची नोंद कुठंच होत नाही. हे नुसतं पाकीट आहे. पण ते भरलं की पैसे माझ्याकडं ठेव म्हणून आणा. त्या ठेवीवर मी तुम्हाला खरं कार्ड देते. थोडं उधार घ्यायचं, वेळेवर फेडायचं. पत तशीच तयार होते."

आता ते पाकीटच गेलं होतं.

"पुन्हा पहिल्यापासून," कोरिन म्हणाली. "माझ्यात नाही तेवढा दम."

दुसऱ्या आठवड्यात रिक खाली आला तेव्हा खिडकीपाशी नुसतंच टेबल होतं.

"मशीन कुठंय?"

"बिघडलं. भंगारात दिलं."

"मला न विचारता?"

"तुला काय, झगे शिवायचे होते?" बर्नी म्हणाली. तिच्या बोलण्यावर तो हसला नाही.

मशीन विकून आलेल्या पैशांतून ठेव झाली. खरं कार्ड आलं, त्यावर कोरिनचं नाव होतं. ते तिनं लाँड्रीतल्या कपाटात ठेवलं. त्यावर बसचा पास घ्यायचा, कधी साबण, आणि मुदतीच्या आधी फेडून टाकायचं. फेडीपुरते पैसे दोघी हातानं काजं-बटणं करून मिळवायच्या. बर्नीला सुईत दोरा ओवायला दिसायचं नाही, तो कोरिन ओवून द्यायची.

"माझ्यासाठी का करता एवढं?" एकदा तिनं विचारलं.

"माझा नवराही असाच होता," बर्नी म्हणाली. "जा म्हणून मला कुणी सांगितलं नाही. मी राहिले. त्यातून पुढं काय झालं ते बघतेसच तू."

कोरिननं तिचा हात हातात घेतला. तो सुयांनी टोचून खरखरीत झाला होता.

बर्फ पडून गेला, पुन्हा पडला. योलांडानं एक दिवस अर्धी ठेव परत केली आणि म्हणाली, "आता तुम्ही एवढ्या ठेवीशिवायही उभ्या राहाल." मार्चमध्ये कोरिन धापा टाकत जिना उतरून आली.

"घर मिळालं. डेटनला. घरमालकांनी पत बघितली आणि एवढंच विचारलं, किल्ली कधी हवी?"

बर्नी खाटेवर बसली. "तिकडं थंडी कमी असते म्हणतात," ती म्हणाली.

शनिवारी रिक नदीवर मासे धरायला गेला. कोरिननं एकच बॅग भरली.

"तुम्हीही चला. दोन खोल्या आहेत. मी मुद्दाम दोनच घेतल्यात."

"दोघी दिसलो नाही तर तो आजच गाडी काढेल. मी असले तर आधी माझ्याशी बोलत बसेल."

"बर्नी, तो तुम्हाला..."

"बस चुकेल, पोरी."

कोरिननं तिला घट्ट मिठी मारली. मग ती मागं न बघता कोपऱ्यापर्यंत गेली. बर्नी सावकाश जिना चढली आणि वरच्या स्वयंपाकघरात जाऊन टेबलापाशी बसली. बसली तशीच राहिली, दिवासुद्धा लावला नाही.

अंधारून आल्यावर रिक माशांची बादली घेऊन आत आला.

"कोरिन! चाकू आण!"

कुणी आलं नाही. तो झोपायच्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आला तो हात धुवायला लागला. कितीतरी वेळ धूत होता. हात पुसून त्यानं मागच्या दाराला आतून कडी घातली आणि बर्नीच्या समोरची खुर्ची ओढली.

"एकटीनं हे जमवण्याएवढं डोकं नव्हतं तिला," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "कुणी शिकवलं, आई?"