धारेचं लुगडं

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जायचं ठरत होतं. दादरला लॉजची खोली, म्युझियम, मोठ्या हॉटेलात जेवण, लेक एकेक सांगत होता. माझं नाव कशातच नव्हतं. "आत्याबाई, तुमच्या वासाबिगर म्हैस पान्हा सोडत न्हाई," सून म्हणाली. "अन् त्यो वास हॉटेलात नेला, तर वेटर नाक धरून पळंल." लेकही हसला. या म्हशीपायी मी लेकीच्या सासरी एक रात्रही राहिले नव्हते. मी न्हाणीत गेले, अंग घासलं, ठेवणीतलं पातळ नेसले. बाहेर येऊन धारेचं लुगडं सुनेच्या अंगावर टाकलं. "गुंडाळ अन् बस धारेला." "लाथ मारंल ती मला!" "वास लुगड्याला हाय." चरफडत तिने लुगडं गुंडाळलं. म्हशीने हुंगलं आणि पान्हा सोडला. चरवीत फेस चढला. मी लेकाला म्हणाले, "लॉजवर हिच्याऐवजी माझी खाट सांग. वास हितंच ठेवलाय."