ठणठणीत माणसांची यादी

“हे नाव आजच्या आज काढून टाक,” साहेब म्हणाले आणि यादीचा कागद त्यांनी तिच्या कीबोर्डवरच ठेवला.

नाव सगळ्यात वर होतं. रोजच असायचं. ऑफिसात त्या नावाच्या आजोबांना सगळे बटणआजोबा म्हणत, कारण ते बटण कधी दाबतच नसत.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी ती संस्था. प्रत्येकाच्या घरी उशाशी एक बटण बसवलेलं. सकाळी उठलं की दाबायचं, म्हणजे आपण ठीक आहोत हे संस्थेला कळतं. ते डेटाबेसमध्ये नोंदलं जातं, आणि ठरल्या वेळी तिने लिहिलेला प्रोग्राम आपला आपण चालून न दाबणाऱ्यांची यादी छापतो. मग फोनवरच्या ताई एकेकाला फोन लावतात. कोणी उचलला नाही, तर माणूस धावतो.

बटणआजोबा पहिल्याच रिंगला उचलत आणि मग सोडत नसत. गुडघा, शेजाऱ्याचं कुत्रं, बायको होती तेव्हाचे दिवस. ताईंचा स्वभाव भिडस्त, त्यांना मधेच तोडवत नसे. मागच्या आठवड्यात यादीत खाली असलेल्या एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, आणि ताई इकडे कुत्र्याच्या खोड्या ऐकत बसलेल्या. आजी वाचल्या, पण साहेबांचे धाबे दणाणले.

“नाव काढलं आणि हे खरंच पडले तर?” तिने विचारलं. “कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“आणि बाकीच्यांनी यांच्यापायी ताटकळायचं?”

साहेबांचंही चुकत नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

नाव वगळणं म्हणजे एका ओळीचं काम. ती ओळ तिने लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. शेवटी सरळ फोन उचलला.

“आजोबा, बटण बिघडलंय का?”

“छे गं! अगदी छान चालतं.”

“मग दाबत का नाही?”

एवढा बोलघेवडा माणूस, पण या वेळी ना गुडघा निघाला, ना कुत्रं.

“सुरुवातीला दाबायचो की. पण दाबलं की कोणी फोनच करत नाही, पोरी.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. कुठलाही रिपोर्ट वेळापत्रकाला लावताना जॉबचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामाचा, प्रकार निवडावा लागतो: सगळ्यांची नोंद हवी, की फक्त अपवाद. तिने अपवाद, म्हणजे फक्त न दाबणारे, निवडले होते आणि वर मीटिंगमध्ये मिरवलंही होतं, बघा, केवढीशी यादी, कागदाची किती बचत. जे ठीक आहेत त्यांच्याबद्दल कळवण्यासारखं काय असतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ठीक असलेल्या माणसाची विचारपूस करायची नाही, हे तिने मशीनला स्वतःच्या हातांनी शिकवलं होतं.

अपवादाचा जॉब तिने तसाच ठेवला. तो जीव वाचवणारा होता. त्याच्यामागे तिने दुसरा एक जॉब लावला, वेगळ्या प्रकारचा. हा घड्याळाकडे बघत नव्हता. पहिल्या यादीतले सगळे फोन झाल्याची नोंद पडली की मगच सुरू व्हायचं, आणि बटण दाबणाऱ्यांतली थोडी थोडी नावं पाळीपाळीने काढून द्यायची. नुसत्या गप्पांसाठी.

“ठणठणीत माणसांना फोन कशाला?” साहेबांनी विचारलं.

“ठणठणीत आहेत म्हणून,” ती म्हणाली. “थोडे दिवस बघू. नाही जमलं तर आजोबांचं नाव मी स्वतः काढते.”

आजोबांनाही तिने स्पष्ट सांगून टाकलं. आता गप्पांचा फोन दाबणाऱ्यांनाच, तोही पाळी येईल तेव्हा. न दाबणाऱ्याला नुसतं ‘बरे आहात ना’ विचारायचं आणि ठेवून द्यायचं. आजोबा फुगले. “बघू,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी नाव वरच. ताईंनी काळजावर दगड ठेवून फोन आटोपता घेतला. त्यानंतरच्या सकाळीही तेच. साहेब तिच्या टेबलाजवळून उगाचच येरझाऱ्या घालत राहिले.

मग एका सकाळी यादी निघाली आणि वर भलतंच नाव. साहेबांनी परस्पर तर काढलं नाही ना, म्हणून तिने घाईघाईने डेटाबेस उघडला. नाही. आजोबांनी बटण दाबलं होतं, उजाडताच, बाकी सगळ्यांच्या आधी. तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांची पाळी काही लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तरी ते दाबत राहिले, आणि ती रोज सकाळी आधी त्यांचीच नोंद बघत राहिली.

अखेर पाळी लागली. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून ताईंनी स्पीकर सुरू केला. तिने खुर्ची जवळ ओढली. साहेबही काहीतरी निमित्त काढून येऊन उभे राहिले.

“बोला आजोबा, अगदी निवांत बोला,” ताई म्हणाल्या. “आज मला घाई नाही.”

“तुम्हाला नसेल हो ताई,” आजोबा म्हणाले, “पण जरा लवकर आटपू या. पुढचे वाट बघत असतील.”