ट्रायलची गाडी

स्कॉर्पिओ बरी की सफारी, हे हिरामणचं काही केल्या ठरेना. दर रविवारी नाशिकच्या दोन शोरूमपैकी एकातून तो ट्रायलला गाडी मागायचा. अ‍ॅव्हरेज विचारायचा नाही, डिस्काउंट तर नाहीच. एकच प्रश्न, "सुरगाण्याकडं आमच्या पाड्यापर्यंत चढेल ना?" सेल्समन तुषारला वाटलं, पाणी मुरतंय कुठंतरी, हा समोरच्या शोरूमनं पेरलेला माणूस दिसतोय. या खेपेला स्टिअरिंगवर तुषार स्वतःच बसला.

दगडधोंड्यांची वाट चढून गाडी घरापुढं थांबली. हिरामणच्या आईनं लेकाच्या गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं अन् हरखून म्हणाली, "मागल्या रविवारची पांढरी कुठं रं? अन् ड्रायव्हर पण नवा ठेवलास?"

हिरामणची मान खाली गेली.



तुषारनं टाय काढून खिशात घातला. "साहेब, गाडी सावलीत लावू का?"