संस्थापकाच्या जागी

एमबीएच्या वर्गात देवरे सर स्वतः लिहिलेली केस स्टडी रंगवून सांगत होते: तासगावातला मसाल्याचा कारखाना, संस्थापकाची दूरदृष्टी, पत्नीची मोलाची साथ.

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखाना तिच्याच घरचा होता आणि तो आईनं उभा केला होता. माहिती घ्यायला सर घरी आले, तेव्हा बाबा दर प्रश्नाला "हिलाच विचारा" म्हणत होते. आईनं घडाघडा उत्तरं दिली. सरांनी ती बाबांकडे बघत लिहून घेतली. निघताना म्हणाले, "वहिनी, चहा फक्कड झाला होता!"

"बोल ऋजुता," आता सरांनी विचारलं, "संस्थापकाच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

ती ताडकन उठली. "संस्थापकानं केलं तेच, सर. तुम्हाला चहा करून पाजला असता."