मापावरची करंगळी

संपत त्या चित्रासमोरून हलेना.

पद्मजाने ते लांबूनच पाहिलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. चित्र त्याचंच होतं ना! सेफ्टी डोअरच्या जाळीतून दिसणारा एक हात, दुधाचं माप, मापावर टेकलेली वाकडी करंगळी. खाली पाटी: ‘संपत. साथीत एकही खाडा न करणारा.’

तान्ही उल्का झोपली की तेवढ्या वेळात तिने काढलेली ही चित्रं. घरात टीव्हीवर दिवसभर बातम्या, आकडे, सायरन. दाराबाहेर स्टुलावर पातेलं. बाळाला कडेवर घेऊन ती आतूनच ओरडायची, “संपत, लांबून ओत हं!” हात दिसायचा, दूध पडायचं, हात जायचा. वर मास्क आणि टोपी. तोंड बघतंय कोण? परवा पेपरात त्या करंगळीवर चार ओळी छापूनही आल्या होत्या.

म्हणून तर तिने त्याला या प्रदर्शनाला आग्रहाने बोलावलं होतं. तो खडकवासल्याच्या पलीकडून सदाशिव पेठेतल्या या हॉलमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

“काय संपतराव, ओळखलंत का स्वतःला?” एरवी ती त्याला अरे-तुरे करायची. आज चार लोक ऐकत होते.

संपतने उजवा हात वर केला. पाचही बोटं सरळ.

“ताई, माझे एकवीस खाडे झाले,” तो हळूच म्हणाला. “ऑक्सिजनवर होतो मी. हा हात गेनबाचा हाय. माझा धाकटा भाऊ. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात करंगळी सापडली होती त्याची.”

“अरे, मग बोलला का नाहीस?”

“मी परत आलो अन् गेनबाला लागण झाली. तो गेल्यावर एक दिवस सांगणारच होतो. तुम्हीच म्हणालात, ‘कमाल आहे हं संपत तुझी, एवढ्या साथीत एक दिवस चुकला नाहीस.’ गेनबाचं तेरावं होऊन तवा चारच दिवस झाले होते. काय बोलणार?”

मागे कुणीतरी हातातला चहाचा कप अलगद खाली ठेवला. पद्मजा पाटी उपटायला गेली. चिकटपट्टी निघेना. ती नखाने खरवडत राहिली.

“तो तरी का बोलला नाही रे? रोज मी संपत, संपत करत होते.”

“भ्यायचा. घरात पेशंट हाय कळलं तर दूध बंद कराल म्हणून.” संपतने चित्रातल्या हाताकडे पाहिलं. “पण मला रोज फोन करायचा दवाखान्यात. उल्काला पहिला दात आल्याचं मला त्यानंच सांगितलं. म्हणाला, ‘दादा, आज जाळीतून माझ्याकडं बघून हसली, तवा दिसला.’”