गादीवरचा खळगा

धानाच्या बांधीत वाकून वाकून मालनबाईची कंबर कायमची धरली होती. शेवटी तिच्या पोरीनं, हर्षानं, तिला तुमसरच्या गाद्यांच्या दुकानात आणलंच.

"मावशी, लेटून तर पाहा," दुकानदार म्हणाला. "हा फोम अंगासारखा दबते, अन् उठलं का आपोआप वर येते."

मालनबाई कुशीवर लेटली. जरा वेळानं उठली, तर कंबर कशी मोकळी! किती वर्षांनी ती ताठ उभी राहिली.

"आई, हीच घेऊ," हर्षा खूश होऊन म्हणाली.

मालनबाई मात्र गादीकडेच बघत होती. तिच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता.

"वर काहून नाही येऊन राहिला जी?"

"येते ना, नवीन माल आहे." दुकानदारानं खळग्यावर तळहात दाबला आणि झटकन मागे घेतला.

मालनबाई कुतूहलानं आणखी जवळ गेली.

कळ आली की ती झोपेत गुडघे पोटाशी घ्यायची. खळग्यानं हळूहळू गुडघे पोटाशी घेतले. मग कूस बदलली, भिंतीकडे सरकला आणि तिच्यापुरती जागा करून दिली.